दगडाने ब्रेकर मोडत नाही

ब्रेकरला दोन आवाज असतात. छिन्नीखाली दगड असेल तर आवाज घट्ट, दबका आणि एकसारखा येतो. तो कानाआधी पायांना कळतो. दगड फुटला, छिन्नीखालचा आधार सुटला आणि ऑपरेटरचा पाय पेडलवरून उठायला जरा उशीर झाला, की तोच आवाज एकदम कोरडा आणि चिरका होतो, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा. कारण तेव्हा खरोखरच लोखंडावर लोखंड आपटत असतं. घाटातल्या रस्त्याच्या कामावर, खडीक्रशरवर किंवा विहिरीच्या काठावर अर्धा तास उभं राहून नुसतं ऐकलं, तरी समोरच्या पोकलेनचा ब्रेकर टिकणार आहे की लवकरच शेडमध्ये येणार आहे, याचा अंदाज बांधता येतो.

माझं निम्मं आयुष्य अशा शेडमध्ये गेलं. ब्रेकर उघडायचा, आत काय झालंय ते पाहायचं आणि मालकाला सांगायचं. मालकाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "दगडच लई कडक लागला हो." दगड कडक असतोच. पण निव्वळ दगडाच्या कडकपणामुळे मोडलेले ब्रेकर मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. बाकीचे मोडले ते रिकाम्या मारामुळे, कोरड्या बुशमुळे, आत शिरलेल्या पाण्यामुळे आणि धुळीने भरलेल्या तेलामुळे. म्हणजे दगड सोडून बाकी सगळ्यामुळे. यातली प्रत्येक गोष्ट जागेवरच्या दोन माणसांच्या, ऑपरेटर आणि हेल्पर यांच्या हातात असते. म्हणून हे लिहितो आहे.

आधी नावाचं. आपण ज्याला पोकलेन म्हणतो ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. शेतीची अवजारं बनवणाऱ्या या कंपनीने १९५१ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं खोदाईयंत्र काढलं. पुढे लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने अशी यंत्रं भारतात बनवली आणि कंपनीचं नाव यंत्रालाच चिकटलं. आज कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही रंगाचं मशीन असो, आपल्याकडे ते पोकलेनच. त्याच्या हाताला बसणारा ब्रेकर मात्र जर्मनीतून आला. एसेनच्या क्रुप कंपनीने १९६७ मध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनात 'एचएम ४००' नावाचा ब्रेकर मांडला. त्याआधी दगड फोडायला हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं होती, आणि त्याही आधी घण, पहार आणि वडार समाजातल्या माणसांचे हात. पोकलेनच्या पंपात तेलाचा दाब आयता तयार होत होताच. तोच दाब हातोड्याला देता येईल, ही कल्पना साधी होती, पण तिने दगडफोडीचं सगळं चित्र पालटलं.

आतली रचना समजली की देखभालीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. ब्रेकरचे ढोबळ तीन भाग: वर गॅसची टोपी, म्हणजे बॅक हेड; मध्ये सिलिंडर; खाली फ्रंट हेड, ज्यात छिन्नी बसते. हे तिन्ही चार लांबलचक थ्रू बोल्टांनी एकत्र आवळलेले. सिलिंडरमध्ये भरीव पोलादी पिस्टन. खालून तेलाचा दाब आला की पिस्टन वर जातो आणि वरच्या टोपीतला नायट्रोजन स्प्रिंगसारखा दाबला जातो. पिस्टन वर पोचला की व्हॉल्व्ह पलटतो, दाबलेला गॅस उसळतो आणि तेल व गॅस मिळून पिस्टनला खाली भिरकावतात. पिस्टन छिन्नीच्या डोक्यावर आदळतो आणि तो धक्का छिन्नीतून लाटेसारखा दगडात जातो. वीस टनी पोकलेनला साधारण दीड-दोन टनाचा ब्रेकर लागतो. त्याची छिन्नी १३५ ते १४० मिलिमीटर जाडीची असते आणि तो मिनिटाला चारशे-पाचशे मार सहज देतो. पाचशे धरले तर तासाला तीस हजार. दोन तासांत साठ हजार.

हा साठ हजारांचा आकडा लक्षात ठेवा, कारण ग्रीसचा हिशोब त्याच्याशी बांधलेला आहे. छिन्नी फ्रंट हेडमध्ये पोलादाच्या जाड बांगडीतून, म्हणजे बुशमधून जाते. प्रत्येक माराला ती बुशमध्ये थोडी सरकते, थोडी घासते. दोघांमध्ये ग्रीसचा पातळ थर आहे तोवर ठीक. तो संपला की पोलादाला पोलाद चाटायला लागतं. म्हणूनच बहुतेक पुस्तिका चालू कामात दर दोन तासांनी ग्रीस द्यायला सांगतात. आपल्याकडे सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा दिलं की झालं, असा समज आहे. शाफ्टला किंवा चाकाला तेवढं पुरेल, पण तासाला तीस हजार मार खाणाऱ्या बुशला नाही पुरत.

ग्रीस देण्याची रीतही महत्त्वाची. एका क्रशरवर मी पाहिलं: हेल्पर मुलगा मन लावून गन मारत होता. अंगात घाम, हातात काळं ग्रीस, कुठलीही टंगळमंगळ नाही. पण ब्रेकर हवेत लटकत होता. अशा वेळी छिन्नी आपल्या वजनाने खाली सरकलेली असते आणि तिच्या डोक्यात आणि पिस्टनच्या तोंडात पोकळी राहते. ग्रीस बुशमध्ये जाण्याऐवजी त्या पोकळीत भरतं. मग मशीन सुरू झालं की पिस्टन आधी त्या ग्रीसवर आदळतो. ग्रीस दबत नाही, त्याला जायला वाट नसते आणि तो दाब वरच्या सीलवर येतो. मी त्याला म्हटलं, "अरे बाळा, आधी छिन्नी जमिनीला टेकव, ऑपरेटरला थोडं वजन द्यायला सांग, छिन्नी वर सरकू दे, मग मार." ऑपरेटरने तसं केलं, आणि सात-आठ पंपांनंतर छिन्नीच्या कडेने काळं ग्रीस बाहेर डोकावलं. मुलगा हसला. एवढी साधी गोष्ट त्याला आजवर कुणी सांगितली नव्हती. चूक त्याची नव्हती.

ग्रीस कोणतं, हाही प्रश्न आहे. गाडीच्या चॅसीला देतात ते साधं ग्रीस बुशच्या उष्णतेत पातळ होऊन ओघळून जातं. छिन्नीवरून काहीतरी गळताना दिसतं आणि मालक घाबरून फोन करतो, "ब्रेकरला तेल गळतंय." पुष्कळदा ते तेल नसतंच, वितळलेलं ग्रीस असतं. बोटावर घेऊन चोळून पाहिलं तरी कळतं. ब्रेकरसाठी वेगळी चिझल पेस्ट मिळते. तिच्यात ग्रॅफाइट किंवा तांब्याची बारीक पूड असते. ती घट्ट असते, उष्णतेला टिकते आणि ओघळून गेली तरी पूड मागे राहते. डब्याची किंमत पाहून लोक ती घेत नाहीत. एक बुश बदलायला किती खर्च येतो ते माहीत असलेला माणूस कधीच नाही म्हणत नाही.

बुश कोरडा चालला की छिन्नीच्या अंगावर उभे ओरखडे पडतात. ते वरवरचे वाटतात, पण पोलादाला असा प्रत्येक ओरखडा म्हणजे भेगेची सुरुवात असते. पुढे हजारो मारांत ती भेग केसाएवढ्या पावलांनी आत सरकत राहते आणि एक दिवस छिन्नी कापल्यासारखी दोन तुकडे होते. तुटलेला तुकडा फेकू नका. त्याचं तोंड पुसून उजेडात धरा. त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकामागे एक वळणदार रेषा दिसल्या, तर भेग खूप दिवस चालत होती. त्या रेषांचा उगम जिथे आहे तिथे बहुतेक वेळा एक ओरखडा सापडतो. रेषा नसतील आणि तोंड एकसारखं खडबडीत असेल, तर छिन्नी एका झटक्यात मोडली. म्हणजे कुणीतरी तिची पहार करून दगड उचकटला. छिन्नी दगडात घुसवायची आणि बूम ओढून दगड उपटायचा, ही सवय आपल्याकडे फार. उचकटण्याचं काम बकेटचं. छिन्नीला सरळ मार हजारोंनी द्या, ती सोसेल. आडवा ताण तिला सोसत नाही.

बुश झिजला की छिन्नी ढिली होते. हेल्परने मशीन बंद करवून पहारीने छिन्नी हलवून पाहिली की फट दिसते. किती झीज चालेल ते प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. काही मॉडेलांत बुश नव्वद अंशांत फिरवून पुन्हा काही दिवस वापरता येतो. फट मर्यादेबाहेर गेली की छिन्नी तिरकी उभी राहते आणि पिस्टन तिच्या डोक्यावर मधोमध न आदळता कडेला आदळतो. मग छिन्नीच्या डोक्याचे टवके उडतात आणि पिस्टनच्या तोंडाला तडे जातात. बुश स्वस्त, पिस्टन महाग. बुश वाचवायला गेलेल्याचा पिस्टन जातो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता बोलताना रागच येतो.

आता त्या कोरड्या आवाजाकडे. छिन्नी खाली निसटू नये म्हणून फ्रंट हेडमध्ये आडव्या रिटेनर पिना असतात. छिन्नीखाली दगड असताना माराची ऊर्जा दगडात जाते. दगड नसेल तर छिन्नी खाली फेकली जाते, पिनांवर आदळते, आणि सगळी ऊर्जा पिना, फ्रंट हेड आणि थ्रू बोल्टांवर येते. यालाच जागेवर रिकामा मार म्हणतात. थ्रू बोल्ट तुटण्याचं हे मोठं कारण आहे. नव्या काही मॉडेलांत रिकामा मार आपोआप थांबवायची सोय असते, पण चालवणाऱ्याचा कान त्याहून आधी जागा होतो. चांगला ऑपरेटर दगड फुटायच्या क्षणी पाय उचलतो. त्याला तो क्षण आधीच कळलेला असतो.

हे कळणं आपल्या काळ्या पाषाणात विशेष अवघड. महाराष्ट्राचा बराच भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. चांगला अखंड काळा पाषाण दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन हजार किलोंचा भार सहज पेलतो; इमारतीच्या नेहमीच्या काँक्रीटची ताकद तीनशेच्या आसपास. अशा दगडाच्या मधोमध छिन्नी ठेवून मारत राहिलं तर दगडाचं पीठ होतं, फूट पडत नाही. पण लाव्हा निवताना आक्रसतो आणि आक्रसताना त्यात सांधे पडतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब म्हणजे हेच सांधे उघड्यावर आलेले. जुने पाथरवट दगडाभोवती फिरून, त्यावर पाणी टाकून आधी हे सांधे शोधत आणि मगच पहिली छिन्नी लावत. ब्रेकरलाही तेच लागू आहे. मोकळ्या कडेपासून सुरुवात करायची, सांध्याजवळ छिन्नी धरायची, छिन्नी दगडाच्या तोंडाशी काटकोनात ठेवायची आणि पोकलेनची पुढची पट्टी जेमतेम हलकी होईल एवढंच वजन द्यायचं.

पंधरा-वीस सेकंद मारूनही दगड फुटला नाही तर जागा बदलायची. एकाच जागी मारत राहिलं की सगळी ऊर्जा छिन्नीच्या टोकाला उष्णता होऊन साठते. टोक तापून त्याचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद नरम पडतं, आणि मग ते अळंबीसारखं पसरतं. लोहाराच्या भात्याजवळ वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको. तापलेल्या छिन्नीवर बादलीभर पाणी ओतणं त्याहून वाईट: टोक ठिसूळ होतं, तडकतं. गॅस कटरने टोक काढणंही टाळा, कारण त्याने तीच कमावलेली कठीणता जाते.

विहिरीचं काम वेगळंच. उन्हाळ्यात विहीर खोल करायला हल्ली लहान पोकलेन क्रेनने आत उतरवतात. तळाशी पाझर असतो, पाणी गुडघाभर जमतं आणि पंप चालूच ठेवावा लागतो. नुसती छिन्नी पाण्यात बुडाली तर बिघडत नाही. पाणी फ्रंट हेडच्या वर चढलं की ते पिस्टनच्या तोंडाखालच्या पोकळीत शिरतं. ग्रीसची जी गोष्ट तीच पाण्याची: पिस्टन पाण्यावर आदळतो, पाणी दबत नाही, दाब सीलवर जातो. शिवाय गाळ आणि रेती आत ओढली जाते. पाण्याखाली ब्रेकर चालवायचाच असेल तर त्या पोकळीला कंप्रेसरची हवा जोडावी लागते, म्हणजे आतल्या दाबाने पाणी बाहेर राहतं. त्यासाठीची तोटी बऱ्याच मोठ्या ब्रेकरांना असते. विहिरीवर सुरुंगाची भोकं पाडायला कंप्रेसर बहुतेक वेळा हजरच असतो, पण त्याचा पाइप ब्रेकरला जोडलेला मी क्वचितच पाहिला. लहान ब्रेकरला तोटी नसेल तर पाणी उपसेपर्यंत थांबावं. त्या तासाचं भाडं सील किटपेक्षा कमीच असतं.

तेलाबद्दल थोडक्यात. ब्रेकर चालला की पोकलेनचं तेल फार लवकर खराब होतं. तापतं, त्यात बारीक लोखंड येतं, सीलचा चुरा येतो. बकेटवर चालणाऱ्या मशीनचं वेळापत्रक इथे चालत नाही. मशीन पूर्ण वेळ ब्रेकरवर असेल तर फिल्टर साधारण शंभर तासांवर आणि तेल सहाशे तासांवर बदला, असं काही कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात. तेल ऐंशी अंशांच्या वर जात असेल तर थांबून कूलर साफ करा. आणि बकेट लावायला ब्रेकर काढला की पाइपांची तोंडं आणि ब्रेकरची तोंडं टोप्या लावून बंद करा. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात. उघड्या तोंडाचा ब्रेकर क्रशरच्या धुळीत दोन दिवस पडून राहिला, तर पिस्टनला पहिला ओरखडा तिथेच पडला समजा.

बिघाड ओळखायला हत्यारं लागत नाहीत, नजर लागते. ब्रेकर चालताना बूमवरचे पाइप सापासारखे उड्या मारायला लागले तर ॲक्युम्युलेटरचा, म्हणजे तेलाचे झटके सोसणाऱ्या गॅसच्या डब्याचा, डायफ्रॅम फाटला असेल किंवा गॅसचा दाब उतरला असेल. मार दिसतो भराभर पण दगडाला लागत नाही, तर टोपीतला गॅस कमी आहे. यावर "थोडा जास्त भरून द्या, मार वाढेल" असं जवळजवळ प्रत्येक मालक म्हणतो. तसं होत नाही. जास्त गॅस भरला तर तेलाला पिस्टन पुरता वर उचलता येत नाही, मार मंदावतो, कधी ब्रेकर चालतच नाही. छिन्नी मोकळी लटकत असताना, थंड ब्रेकरवर, पुस्तिकेत दिला आहे तेवढाच दाब भरायचा.

आणि नायट्रोजनच भरायचा. ऑक्सिजनचं सिलिंडर शेजारीच वेल्डरकडे असतं, आणि तेही गॅसचंच सिलिंडर आहे असं कुणाला वाटू शकतं. टोपीत तेलाचा अंश असतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, माणसं मरतात. कंप्रेसरची हवाही नाही, तिच्यातही ऑक्सिजन असतोच. शेडमध्ये नवीन आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी हीच एक गोष्ट शिकवतो, बाकी सगळं नंतर.

दुसरी शिकवण तितकीच मोठी. गॅस सोडल्याशिवाय थ्रू बोल्टाला पान्हा लावायचा नाही. टोपीखाली दाब असताना बोल्ट सुटले तर ती टोपी तोफेच्या गोळ्यासारखी उडते. व्हॉल्व्हचं झाकण काढून गॅस हळूहळू सोडायचा, चेहरा बाजूला ठेवून. सोडताना गॅसबरोबर तेलाचे थेंब आले तर ब्रेकर उघडण्याआधीच निदान अर्धं झालं: गॅस सील गेलं, तेल टोपीत चढलं.

मग ब्रेकर उभा करून, चेन पुलीने टोपी उचलून, पिस्टनच्या माथ्यावरच्या आट्यात आयबोल्ट बसवून पिस्टन सरळ वर ओढायचा. हा क्षण मला आजही आवडतो. आरशासारखा पिस्टन तेल निथळत वर येतो आणि त्याच्या अंगावर ब्रेकरचा सगळा इतिहास लिहिलेला असतो. ओरखडे तपासायला नख लांबीवरून नाही, आडवं फिरवायचं. नख अडकलं नाही तर बारीक ऑइलस्टोन तेलात बुडवून हलक्या हाताने ओरखडा पुसायचा. नख अडकलं तर मामला खोल आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट केसाच्या जाडीच्या घरातली असते. तिथे अडकलेला वाळूचा एक कण पिस्टन आणि भिंत दोन्ही कापत जातो. नवी सीलं बसवताना ती कोमट तेलात नरम करायची, बोटांनी घेवड्याच्या दाण्यासारखी दुमडायची, सिलिंडरच्या खाचेत सोडायची आणि उलगडून बसू द्यायची. स्क्रू-ड्रायव्हरने ढोसलेलं सील आठवड्यात गळतं. ओठाची बाजू उलटी बसली तर पहिल्याच दिवशी गळतं. थ्रू बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांत, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे, आणि एक तुटलेला असला तर चारही काढून तपासायचे. तुटलेल्याने आपला भार उरलेल्या तिघांवर टाकलेला असतो. रिटेनर पिनेच्या कडा पसरल्या असतील तर ग्राइंडरने साफ करायच्या, नाहीतर पुढच्या वेळी पिन निघत नाही. गॅस सगळ्यात शेवटी.

जूनमध्ये कामं बंद होतात आणि ब्रेकर कोपऱ्यात आडवा टाकला जातो. चार महिने पाऊस, विशेषतः कोकणात. छिन्नीच्या बाजूला उघडा राहिलेला पिस्टनचा खालचा भाग गंजतो. दसऱ्याला पूजा करून मशीन सुरू केलं की तो गंजलेला भाग सीलांना खरवडत वर जातो, आणि आठवडाभरात ब्रेकर माझ्याकडे येतो. म्हणून मेच्या अखेरीलाच मी ओळखीच्या सगळ्यांना फोन करतो. छिन्नी काढा, टोपीतला गॅस सोडा, पिस्टन वर ढकलून सिलिंडरच्या आत, तेलात जाऊ द्या, त्याच्या तोंडाला आणि बुशला ग्रीस फासा, पाइपांना टोप्या लावा, आणि ब्रेकर फळ्यांवर उभा ठेवून वर ताडपत्री बांधा. तासाभराचं काम आहे. ताडपत्री खालून थोडी मोकळी ठेवा, म्हणजे आत वाफ धरत नाही.